बिल सरकारला दिसते, माल मालकाला दिसत नाही

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींत ओतलेले कास्टिंग ग्राहकाकडे पोचेपर्यंत बऱ्याच हातांतून फिरते. भट्टी, साचा, फेटलिंग (जादा धातू काढणे), तपासणी, मग मशिनिंगसाठी दुसऱ्याच्या, म्हणजे जॉबवर्करच्या, शेडमध्ये आणि तिथून परत. प्रत्येक टप्प्यावर एक वही असते आणि वहीत नसलेले सगळे जुन्या सुपरवायझरच्या डोक्यात असते. माल कुठे अडकला हे मालकाला कळते महिनाअखेरीस, साठा मोजताना. तोवर करण्यासारखे फारसे उरलेले नसते. ईआरपी, म्हणजे खरेदीपासून विक्रीपर्यंतच्या नोंदी एकत्र जोडणारे सॉफ्टवेअर विकणारे नेमके याच दुखण्यावर बोट ठेवतात आणि सगळा कारखाना मोबाइलवर ‘लाइव्ह’ दाखवू म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत, अर्धेच बोलतात. सॉफ्टवेअरला कारखाना दिसत नाही, त्यात भरलेली नोंद तेवढी दिसते. ती काम होतानाच झाली तर चित्र ताजे. संध्याकाळी कारकुनाने वहीवरून उतरवली तर रंगीत आलेखांत दिसतो तो शिळा दिवस.

वेळेवरच्या नोंदीची किंमत रिजेक्शनमध्ये कळते. कास्टिंगच्या पोटातले ब्लो-होल (वायूने पडलेली पोकळी) बहुधा मशिनिंगचे टूल लागल्यावरच उघडे पडते आणि तोवर त्याच वाळूवर पुढच्या हीट (भट्टीचे घाणे) ओतून झालेल्या असतात. हीट नंबर नगावर, वाळूच्या ओलाव्याचा आकडा प्रयोगशाळेच्या रजिस्टरात, बाद मालाचा कागद जॉबवर्करकडे. तिन्ही नोंदी बरोबर असतात, पण एका टेबलावर येतात त्या ग्राहकाची तक्रार आल्यावर. त्या आधीच जोडलेल्या असतील तर पहिला नग बाद होताच कोणत्या हीटचा माल रोखायचा, हे त्याच पाळीत ठरते. जॉबवर्कला गेलेल्या मालाचा माग ठेवणे तर कायद्यानेही भाग आहे. तो एका वर्षात परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाल्याचे धरले जाते.

छोट्यांना हे परवडत नाही, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे. परवान्याचे शुल्क नाही, खर्च येतो तो बसवण्याचा आणि माणसे शिकवण्याचा. शिवाय 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवरील उलाढालीच्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, सक्तीचे आहे. म्हणजे विक्रीचे टोक संगणकावर आलेच आहे, उत्पादनाचे तेवढे वहीत राहिले. सॉफ्टवेअरवर कोट्यवधी घालवून फसलेल्यांचे दाखलेही दिले जातात. 1999 मध्ये अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीला हॅलोविनच्या तोंडावर 10 कोटी डॉलरांहून अधिक किमतीच्या मागण्या पुरवता आल्या नाहीत. पण तिने तीन प्रणाल्या एकदम आणि ऐन हंगामात सुरू केल्या होत्या. त्यातून घाई न करण्याचा धडा घ्यावा, वहीला चिकटून राहण्याचा नव्हे.

खरा वजनदार आक्षेप कामगारांचा आहे: सॉफ्टवेअरचा हा पडदा (स्क्रीन) म्हणजे आमच्यावरचा पहारा. बऱ्याच ठिकाणी तो तसाच वापरला जातो, आणि तिथेच तो निकामी ठरतो. बाद नग नोंदवला म्हणून बोलणी खावी लागत असतील, तर पुढचा बाद नग नोंदवला जाणार नाही. कोणतेही सॉफ्टवेअर तो शोधू शकणार नाही. टोयोटाच्या कारखान्यांत अडचण दिसताच कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, अँडॉन हा इशाऱ्याचा दिवा सर्वांना दिसतो आणि टीमलीडर मदतीला येतो. आपल्याकडे मात्र माहिती खालून वर जाते आणि मालकाच्या मोबाइलमध्ये राहते. म्हणून पहिला पडदा केबिनमध्ये नको, शॉप फ्लोअरवर लावा. सुरुवात स्टोअर आणि जॉबवर्कच्या चलनांपासून करा, बाकीचे नंतर. आणि चिठ्ठीशिवाय स्टोअरमधून माल उचलण्याची मालकांची सवय त्याच दिवशी बंद करा.