बटणं मोजू नका, स्टिक हलवून बघा

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एका मित्राने मोबाईल माझ्यापुढे धरला. "बघ, हे घेतोय. स्टिक, थ्रॉटल, सगळं एकाच बॉक्समध्ये. तीसेक बटणं आहेत!"

मी विचारलं, "उडवणार काय पण?"

"ते बघू रे नंतर."

झालं, माझं डोकं फिरलं. चहा गार झाला, लंच टाईम संपला, तरी माझं पुराण संपेना. तिथे जे अर्धवट राहिलं ते आज शनिवार सकाळी सुट्टीचा मुहूर्त साधून लिहितोय.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. फ्लाइट सिम्युलेटरसाठी जॉयस्टिक घेताना एकच गोष्ट बघायची असते: हाताची अगदी बारीक हालचाल, मधल्या जागेच्या आसपासची, ती स्टिक खरी खरी पोचवते का, आणि किती वर्षं पोचवते? बटणं, लाइट, मेटल बॉडी, बॉक्सवरचं लढाऊ विमान हे सगळं त्यानंतर. आपण मात्र नेमकं उलटं करतो.

आता हा उपदेश करणारा मी कोण? मी भिवंडीचा. बाबा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. बारावीत मला पायलट व्हायचं होतं. कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि तासाचा हिशोब लावला की आकडा कुठे जातो हे मी बाबांना कागदावर लिहून दाखवलं. ते रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. रात्री उशिरापर्यंत गॅलरीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअरिंगचा फॉर्म आणला. असो. सांगायचं एवढंच की "खेळणंच तर आहे, कुठलंही घे" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. माझ्या वाट्याला येणारं उडणं हेच आहे. आणि वर्षभर पैसे साठवून घेतलेली वस्तू कुठलीही कशी चालेल?

नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून मी जी स्टिक घेतली तिचं नाव घेत नाही. दिसायला एकदम जबरदस्त होती. सोबत थ्रॉटल, बटणंच बटणं. चार महिन्यांत तिने नखरे सुरू केले. सेसना १७२ घेऊन जुहूला उतरतोय, ६५ नॉटवर छान लाइनीत आलोय, आणि शेवटच्या वीस फुटांत नाक आपोआप झटका मारतंय. मी नेटवरचे सल्ले वाचून डेडझोन वाढवला. डेडझोन म्हणजे मधल्या जागेच्या आसपास स्टिक हलली तरी सॉफ्टवेअरने तिकडे दुर्लक्ष करायचं. झटके थांबले, पण मग स्टिक थोडी हलवली तर काहीच होईना, आणखी थोडी हलवली की नाक एकदम वर. मी खाली ढकलायचो, परत वर ओढायचो. विमान रनवेवर बेडकासारखं उड्या मारायला लागलं. मला वाटायचं, आपल्याला जमतच नाही. दोन महिने स्वतःला शिव्या घातल्या.

एका रविवारी बाबांनी स्टिक हातात घेतली. कॉम्प्युटर बंद होता. डोळे मिटून त्यांनी ती दोन बोटांनी जरा इकडे, जरा तिकडे हलवली. म्हणाले, "अरे, याला प्ले किती आहे! मधे येऊन बसतच नाही ही."

मी त्यांना बटणं दाखवायला लागलो तर म्हणाले, "मागाचा रंग कोणता हे कोणी विचारतं का? धोटा पेटीत नीट बसला नाही की माग थांबतो. मग रंग काय चाटायचाय?"

त्या दिवशी आम्ही दोघांनी ती उघडली. आत काय होतं? पोटेन्शिओमीटर. सोपं सांगायचं तर जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतं तेच. कार्बनच्या पट्टीवरून धातूची एक जीभ घासत जाते आणि ती कुठे आहे त्यावरून विजेचा दाब बदलतो. पट्टी झिजली किंवा धूळ बसली की रेडिओत खरखर ऐकू येते. स्टिकमध्ये त्याच खरखरीला विमान इशारा समजतं. आणि सगळ्यात जास्त झिजते ती मधली जागा, कारण हात तिथेच सर्वात जास्त वेळ असतो! आमच्या भिवंडीत तर चोवीस तास माग चालतात, कापसाची धूळ कपाटातल्या कपड्यांवरसुद्धा बसते. तिथे घासणारा सेन्सर किती दिवस टिकणार?

याला पर्याय आहे हॉल सेन्सर. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन माणसाने १८७९ मध्ये हा परिणाम शोधला. चुंबक हलतं, सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो, दोघे एकमेकांना शिवतही नाहीत. घासणं नाही, तर झीज नाही. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एममध्ये मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर आहेत. पण बारीक अक्षरं वाचा मंडळी, त्याच स्टिकचा पीळ, म्हणजे रडरसाठी मूठ फिरवतो तो अक्ष, साध्या पॉटवरच चालतो. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटर एनएक्सटीलाही न शिवणारे सेन्सर आहेत, आणि तिच्या स्प्रिंगा बदलता येतात.

आता यावर जाहिरातवाल्यांचं पुढचं हत्यार: "१६ बिट अचूकता!" इंजिनिअर असून आपण याला भुलतो याची मला लाज वाटते. गणित करा. स्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत समजा ४० अंश फिरते. साध्या १० बिटांत १०२४ पायऱ्या होतात, म्हणजे एक पायरी ०.०४ अंशाची. तुमच्या हाताला तेवढं हलवता तरी येतं का? १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या. पण सांध्यात एक अंशाचा प्ले असेल तर त्यातल्या सोळाशेहून जास्त पायऱ्या तशाच वाया गेल्या. बिट छापायला पैसे लागत नाहीत. चांगला सांधा, चांगली स्प्रिंग, चांगली बेअरिंग यांना लागतात, आणि नेमकं तेच फोटोत दिसत नाही. तेव्हा "हॉल आहे म्हणजे चांगलीच" हेसुद्धा खरं नाही. सेन्सर प्रामाणिक असला तरी सांधा खोटं बोलू शकतो.

आणि बटणं? ती आली लढाऊ विमानांतून. रडार, शस्त्रं, रेडिओ सगळं एकाच वेळी सांभाळताना वैमानिकाला हात सोडायला फुरसत नसते, म्हणून कामाची बटणं स्टिकवर आणि थ्रॉटलवरच दिली. यालाच होटास म्हणतात. थ्रस्टमास्टरचा वॉर्टहॉग, जो २०१० मध्ये आला, तो ए-१० विमानाच्या मुठींची नक्कल आहे. ते विमान उडवणाऱ्याला तो शोभतो. पण सेसनात हात सोडायला भरपूर वेळ असतो, माऊसने बटण दाबलं तर काही आकाश कोसळत नाही. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते पस मॉथमधून. तिथे कुठला होटास होता?

म्हणून मित्राला माझा पहिला प्रश्न होता, उडवणार काय? विमान ठरलं की अर्धी खरेदी ठरते. एअरबस ए-३२० उडवायचं असेल तर कॅप्टनची साइडस्टिक डाव्या हाताला असते, उजवा हात थ्रस्ट लिव्हरवर. म्हणजे उजव्या हाताच्या आकाराची मूठ घेतली की संपलं. टी.१६०००एम दोन्ही हातांसाठी बदलता येते, तिथे ती शहाणी निवड. बोइंग ७३७ किंवा सेसना आवडत असेल तर खऱ्या विमानात योक असतो. पण योकला टेबलावर ऐसपैस जागा लागते, आणि आमच्यासारख्या दहा बाय दहाच्या खोलीत त्याच टेबलावर सोमवारी वर्क फ्रॉम होम करायचं असतं. मी सेसनासुद्धा स्टिकनेच उडवतो, आणि विमानाने अजून तक्रार केलेली नाही. पुण्याच्या लोहगावला दिसणारं, नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये जुळवलं गेलेलं सुखोई-३० आवडत असेल, तर तिथे स्टिक दोन पायांच्या मधे असते आणि लांब असते. लांब स्टिकमध्ये तेवढ्याच कोनासाठी हात जास्त हलतो, म्हणून बारीक काम सोपं जातं. टेबलावरची बुटकी स्टिक घेऊन ती मजा शोधू नका. तिला घट्ट क्लॅम्प करून खुर्चीच्या उंचीवर आणा, निम्मा फरक तिथेच पडेल. लोक हजारो रुपये स्टिकवर घालतात आणि ती सनमायकाच्या टेबलावर घसरत असते!

आता थ्रॉटल. इथे मी सगळ्यात जास्त शिव्या खातो, पण बोलणार. पहिल्या खरेदीत बहुतेकांना वेगळा थ्रॉटल लागतच नाही. ए-३२० चंच घ्या, कारण बरेच लोक त्या विमानासाठी महागडा क्वाड्रंट घेतात. टेक-ऑफनंतर लिव्हर क्लाइंबच्या खाचेत आणले की ऑटोथ्रस्ट ताबा घेतो, आणि नेहमीच्या उड्डाणात लिव्हर तिथेच राहतात. जमिनीपासून वीस फुटांवर विमान "रिटार्ड" म्हणून ओरडतं तेव्हा मागे ओढायचे. म्हणजे मुंबई-दिल्ली दोन तास तुमची महागडी वस्तू एका खाचेत बसून आहे. सेसनात तर थ्रॉटल म्हणजे आत-बाहेर करायचा एक दट्ट्या, त्याचं काम स्टिकच्या पायथ्याचा छोटा स्लायडर भागवतो.

थ्रॉटल खरंच लागतो तो कोणाला? डीसीएसमध्ये हवेत इंधन भरणाऱ्याला, दुसऱ्या विमानाला चिकटून उडणाऱ्याला, विमानवाहू जहाजावर उतरणाऱ्याला. तिथे डावा हात क्षणभर स्थिर नसतो. त्याने जरूर चांगला थ्रॉटल घ्यावा, लांब फिरणारा आणि न अडकणारा. थोडा जोर लावला तरी हलत नाही आणि मग एकदम सुटतो, असा थ्रॉटल मात्र फुकट मिळाला तरी नको.

"पण घ्यायचं तर एकदाच घ्यावं, भारीतलं," हा युक्तिवाद मला पाठ आहे. त्यात तथ्यही आहे. चांगली वस्तू टिकते, विकताना पैसे येतात. पण कुठलं विमान आवडेल हे कळायच्या आधीच भारीतलं घेणं म्हणजे बुटाचा नंबर माहीत नसताना महागडे बूट घेणं. आधी चांगल्या सेन्सरची एकच स्टिक घ्या, सहा महिने उडवा. फ्लाइटगिअर फुकट आहे, डीसीएसमध्ये दोन विमानं फुकट मिळतात. हात स्वतःच सांगेल पुढे काय हवं ते.

दुसरं टोक म्हणजे "कीबोर्ड पुरे की." नाही पुरे. कीबोर्डला चालू आणि बंद एवढंच कळतं. "थोडंसं" हा शब्द त्याच्या भाषेत नाही, आणि उतरणं सगळं "थोडंसं" या शब्दावरच चालतं.

खरी अडचण वेगळीच आहे. हलवून बघायची कुठे? भिवंडीला गोदामांचं शहर म्हणतात. माणकोली, काल्हेर, पूर्णा, कुठेही जा, शेडच शेड. अख्ख्या मुंबईची पार्सलं इथून सुटतात. मी ऑर्डर केलेली स्टिक घरापासून रिक्षाच्या अंतरावरच्या एखाद्या गोदामात पडलेली असते, पण ती हातात धरून बघता येईल असं एक दुकान मला शहरात सापडलेलं नाही. हजारो रुपयांची, हाताने वापरायची वस्तू आपण फक्त डोळ्यांनी विकत घेतो. म्हणून तर फोटोत दिसणारी बटणं जिंकतात आणि न दिसणारा सांधा हरतो.

तेव्हा उपाय एवढाच. लॅमिंग्टन रोडला चक्कर मारून बघा, कुठे उघडी पीस असेल तर दुकानदाराची नजर चुकवून का होईना, हलवा. ते नाही जमलं तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जा. आणि ऑनलाइनच घ्यायची तर बॉक्स आल्या दिवशीच विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल चालवून तो छोटा क्रॉस बघा. हात सोडल्यावर तो मधे परत येतो का? दहा वेळा सोडला तर दहाही वेळा तिथेच येतो का? अगदी हळू हलवली तर सरकतो की उड्या मारतो? पीळही तसाच तपासा. पसंत नसेल तर परत करायची मुदत संपायच्या आत निर्लज्जपणे परत करा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं असतं तर सहा महिने आणि एक बोनस वाचला असता.

आमच्या खालच्या मजल्यावर अकरावीतला एक पोरगा राहतो, मला दादा म्हणतो. त्यालाही पायलट व्हायचंय, आणि त्याच्याही घरात तोच हिशोब आहे. मागच्या दिवाळीत मी त्याला माझी सेकंडहँड टी.१६०००एम दिली, क्लॅम्पसकट. त्याच्याकडे थ्रॉटल नाही, पेडल नाही. परवा त्याने माझ्यासमोर आडव्या वाऱ्यात सेसना जुहूला उतरवलं, एकही उडी नाही. बाबा मागे उभे राहून बघत होते, स्क्रीनकडे नाही, त्याच्या मनगटाकडे. मग म्हणाले, "याचा हात बसलाय."

मित्राने अजून ऑर्डर टाकलेली नाही. रविवारी त्याला घरी बोलावलंय, आधी स्टिक हातात घेऊन बघ म्हटलं. बाबाही असतीलच.