पोथींतील देवी आणि माजघरांतील देवी

नवरात्रांत सप्तशतीचा पाठ आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं होतो. तेरा अध्याय संपले, आरती झाली, कीं पोथी पुनः रेशमी वस्त्रांत गुंडाळली जाते. परंतु ह्या ग्रंथाचा आरंभ एका घरगुती दुःखांत आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि धनलोभानें बायकामुलांनींच घराबाहेर काढलेला समाधि वैश्य हे दोघे अरण्यांत, मेधा ऋषींच्या आश्रमीं भेटतात. ज्यांनीं हांकून दिलें त्यांचीच काळजी वैश्याचें मन जाळते. हा मोह कां सुटत नाहीं, ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे देवीचें चरित्र होय.

सप्तशती ज्या पुराणांत आहे त्या पुराणाच्या मार्कंडेय ऋषींचें नांव गडचिरोली जिल्ह्यांत वैनगंगेच्या तीरीं मार्कंडा ह्या क्षेत्रास लाभलें आहे. तेथील मुख्य मंदिर शिवाचें. देवीचें प्रसिद्ध ठाणें चंद्रपुरास, झरपट नदीकांठीं. सप्तशतीच्या प्रथम चरित्राची देवता महाकाली, तेथेंही तीच. तें मंदिर अठराव्या शतकाच्या आरंभीं राणी हिराईनें बांधविलें. ही गोंड राणी पति बीरशहाच्या मृत्यूनंतर राज्याचा भार वाहणारी विधवा होती. चैत्री यात्रेस नांदेड-परभणीकडूनही भाविक लोटतात. त्यांतील कित्येकांस संस्कृत स्तोत्र ठाऊक नसेल; ते 'आई' म्हणून हांक मारतात, आणि तीही स्तुतिच नव्हे काय?

एकदां आमच्या घरीं पाठ चालू असतां धाकट्या सूनबाईनें दाराआडून विचारलें, "मामंजी, आतां आपण म्हणालांत त्याचा अर्थ काय?" अकरावा अध्याय चालला होता. जगांतील सर्व स्त्रिया देवीचींच रूपें, असें नारायणीस्तुतींत सांगितलें आहे. मीं अर्थ सांगितला खरा. पण पहांटेपासून नैवेद्याच्या स्वयंपाकांत गुंतलेली ती मुलगी अद्याप उपाशीच होती. त्या दिवशीं माझाच आवाज मला खोटा वाटला.

सप्तशतींत मोठ्या स्तुति चारच आहेत. येत्या नवरात्रांत त्यांचा अर्थ सायंकाळीं सर्वांनीं, सुना-लेकींसह, एकत्र बसून वाचावा. आणि पहिलें पान त्यांचें वाढावें. घरांतल्या माणसास परकें करून केलेला पाठ समाधि वैश्याच्या मुलांस शोभेल, आपणांस नव्हे.