‘पडणारच आहेत!’
“दुधाचेच दात, पडणारच आहेत!” हे मंडळाच्या कार्यक्रमांत नेहमी कानावर येते. मला ते पटत नाही. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. शिवाय सहाव्या वर्षी येणाऱ्या कायमच्या दाढांचे एनॅमल जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत जबड्यात तयार होत असते. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व तेव्हाच हवे.

साखर किती, यापेक्षाही ती किती वेळा, हे दातांना महत्त्वाचे. दर वेळी तोंडात सुमारे अर्धा तास आम्ल राहते. म्हणून जेवणाबरोबर बेसनाचा लाडू परवडला, पण दुपारभर चोखलेला ॲपल ज्यूस नको. सर्वांत वाईट म्हणजे चॉकलेट पावडर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपणे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. आजीने लाडाने दिली तरी रात्रीच्या बाटलीत पाणीच असावे.

आता खर्चाचे. अमेरिकेतल्या बऱ्याच दंतविमा योजनांत वर्षाला दोन तपासण्या फुकट असतात, क्राऊनचा मात्र निम्मा खर्च आपल्या खिशातून जातो. पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाला दाखवून आणा, असे इथले बालदंतवैद्य सांगतात. आपल्याकडे दुखल्याशिवाय कोण जातो!