विश्लेषण : ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर आपली तूरडाळ कचऱ्याच्या डब्यात का जाते?

मुलाकडे किंवा मुलीकडे मेलबर्नला निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत काय असतं, हे वेगळं सांगायला नको. तूरडाळ, आंबेमोहोर तांदूळ, धणे-जिरे, सुक्या मिरच्या. विमानतळावर हे सगळं काढून घेतलं की त्याचा व्हिडिओ फिरतो आणि खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात. ‘आमच्या डाळीनं यांचं काय बिघडणार?’ किंवा ‘भारतीयांनाच का अडवतात?’

उत्तर दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या एका भुंगेऱ्यात आहे. त्याचं नाव खपरा. जगभर इंग्रजीतही त्याला ‘खपरा’च म्हणतात, कारण तो मूळचा आपल्याच उपखंडातला मानला जातो.

नियम नेमका काय?

ऑस्ट्रेलियानं ऑक्टोबर २०२०पासून काही धान्यं आणि बिया प्रवाशांच्या सामानातून व टपालानं आणायला मनाई केली. यादी वाचली तर मराठी स्वयंपाकघराची फडताळंच डोळ्यांसमोर येतात. तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, सोयाबीन, शेंगदाणे, धणे, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या. तळलेले, भाजलेले, फुगवलेले आणि कारखान्यात बंद पाकिटात भरलेले पदार्थ यातून वेगळे काढले आहेत. घरी भाजून डब्यात भरलेलं धान्य त्यात बसेलच असं धरून चालू नये. शंका असेल तर उतरण्याआधीच्या कार्डावर पदार्थ जाहीर करावा. अशा वेळी फार तर पदार्थ जातो. लपवून सापडलं तर दंड होतो, प्रसंगी व्हिसावरही गदा येते.

हा नियम एकट्या भारतासाठी नाही. खपरा असलेल्या देशांची यादी मोठी आहे आणि अमेरिकेनंही २०११मध्ये अशा देशांतून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ आणण्यावर निर्बंध घातले.

धान्यातले किडे सगळे सारखे नसतात

आपण घरात सगळ्यांनाच ‘किडे’ किंवा ‘पोरकिडे’ म्हणून मोकळे होतो. पण डब्यागणिक प्राणी बदलतो. तांदळात, ज्वारीत दिसतो तो पुढे सोंड असलेला सोंडकिडा. मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. म्हणून वरून स्वच्छ दिसणाऱ्या तांदळातूनही महिन्याभरानं किडे बाहेर येतात. अख्ख्या तुरीला, हरभऱ्याला, मुगाला गोल भोक पाडून निघतो तो कडधान्याचा भुंगेरा. तो शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि मळणीनंतर आपल्याबरोबर घरी येतो. फोडलेल्या डाळीत त्याचा जम तितका बसत नाही. कडधान्य अख्खं न ठेवता डाळ करून ठेवण्याच्या जुन्या रीतीचा हा मोठा फायदा. पिठात, रव्यात, कण्यांत फिरणारा तांबडा भुंगेरा आणखी वेगळा. त्याला शाबूत दाणा फोडता येत नाही, दुसऱ्यानं फोडलेल्यावर तो जगतो.

यातला कोण कुठे माजणार, हे बऱ्याच अंशी हवेतला ओलावा ठरवतो. सोंडकिड्याला दाण्यात साधारण दहा टक्क्यांच्या वर ओल लागते. कोकणात, घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने त्याला ती आयतीच मिळते. तिथे तांदूळ सडून न ठेवता टरफलासकट भात म्हणून ठेवण्याची पद्धत आहे, कारण शाबूत टरफल हे सोंडकिड्याविरुद्ध चांगलं चिलखत असतं. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या पट्ट्यात, म्हणजे मराठवाड्यात आणि विदर्भात, चिंता कडधान्याच्या भुंगेऱ्याची.

खपऱ्याचं गणित याच्या उलट आहे. त्याला ३० ते ३५ अंशांची उष्णता आणि कोरडी हवा आवडते. इतर किडे जिथे तग धरत नाहीत, अशा अगदी कोरड्या दाण्यावरही त्याची अळी वाढते. दमट हवेत मात्र सोंडकिडा वेगानं वाढतो आणि खपरा मागे पडतो. त्यामुळे भारतात त्याचा जोर पंजाब, हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेश अशा कोरड्या, उष्ण भागांत जास्त. केरळ, आसाम किंवा आपल्या किनारपट्टीवर कमी.

मग रत्नागिरीच्या तांदळाला शिक्षा का?

प्रश्न रास्त आहे. रत्नागिरीच्या घरच्या तांदळात खपरा असण्याची शक्यता खरंच कमी. पण हवामानाचा नकाशा ही अर्धीच गोष्ट आहे. खपऱ्याचा प्रौढ भुंगेरा उडत नाही. तो पसरतो पोत्यांतून, मालगाड्यांतून, गोदामांतून. रेशनचा गहू उत्तरेतल्या राज्यांतून महाराष्ट्राच्या गोदामांत येतो, वाण्याकडची डाळ कुठकुठल्या बाजारपेठा फिरून आलेली असते. पाकिटावर गाव लिहिलेलं नसतं. असलं तरी ते पोतं आधी कुठे पडलं होतं, हे कुणाला सांगता येणार?

दुसरी अडचण त्याच्या अळीची. केसाळ, तपकिरी अळी भिंतीच्या भेगेत, पोत्याच्या शिवणीत जाऊन बसते आणि परिस्थिती वाईट असेल तर वाढच थांबवते. अशा झोपेत ती काही वर्षं अन्नावाचून काढू शकते आणि त्या काळात विषारी धुरीचाही तिच्यावर पुरेसा परिणाम होत नाही. खपरा आणि त्याचे निरुपद्रवी भाऊबंद यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली अवयव तपासल्यावरच कळतो. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं डाळीत हात घालून तो ओळखावा, ही अपेक्षा फोल आहे. म्हणून तपासून सोडण्याऐवजी सरसकट बंदी. ती काही जणांवर अन्याय करते, हे मान्य. पण तिच्यामागे आकस दिसत नाही, दिसतो तो हिशेब.

तो हिशेब कॅलिफोर्नियानं करून दाखवला आहे. १९५३मध्ये तिथे खपरा ओळखला गेला. तोवर काही वर्षं त्याला दुसराच किडा समजलं जात होतं. मग आख्खी गोदामं ताडपत्रीखाली झाकून मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यावी लागली आणि मोहीम १९६६पर्यंत चालली. आज तो मार्गही अरुंद झाला आहे. ओझोनच्या थराला धोका म्हणून माँट्रियल करारानं या वायूचा बहुतेक वापर बंद केला, क्वारंटाइनपुरता शिल्लक ठेवला.

ऑस्ट्रेलिया गहू निर्यात करून कमावतो. खपरा तिथे स्थिरावला तर गिऱ्हाईक देश दार लावतील. २० वर्षांत १५.५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा फटका बसेल, असा तिथल्या सरकारचा अंदाज आहे. आणि तो फक्त डाळीतूनच येतो असंही नाही. २००७मध्ये पर्थला स्थलांतरित झालेल्या एका कुटुंबाच्या घरसामानात तो सापडला, २०२०मध्ये आयात केलेल्या फ्रीजच्या पॅकिंगमध्ये. म्हणूनच नियम पुढे रिकाम्या कंटेनरपर्यंत गेले.

आपल्याकडे त्याची बातमी का होत नाही?

कारण आपल्याकडे तो घरचाच आहे. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत असलेला हा किडा आपल्या गोदामांत वर्षानुवर्षं धान्याचं पीठ आणि अळ्यांच्या काती मागे ठेवतो. आपण ते पाखडून, निवडून पुढे जातो. ऑस्ट्रेलियाच्या डब्यात गेलेल्या दोन किलो डाळीवर आपण जितकं बोलतो, तितकं गोदामातल्या या नुकसानीवर बोलत नाही, हे जरा विचित्रच. त्यात धुरीचं एकच औषध वर्षानुवर्षं वापरल्यामुळे त्याला न जुमानणारे किडेही भारतात आढळले आहेत.

हे औषध म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू जीवघेणा असतो, आणि त्यांचा वापर सरकारी यंत्रणा व परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच आहे. तरीही त्या गव्हाच्या कोठीत टाकायच्या म्हणून घरात आणल्या जातात आणि बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात. फॉरवर्ड झालेल्या कुठल्याही ‘घरगुती उपाया’त या गोळ्यांचं नाव असेल तर तो मेसेज तिथेच थांबवा.

घरापुरतं उन्हाळ्यातलं कडक वाळवण, घट्ट झाकणाचा कोरडा डबा, कडधान्याला खाद्यतेलाचा हलका हात, थोडं धान्य असेल तर आठवडाभर फ्रीझर, एवढ्यावर भागतं. तेलाच्या थरानं भुंगेऱ्याची अंडी गुदमरतात, त्यामुळे एरंडेल चोळून तूरडाळ ठेवणाऱ्या आजीचं बरोबरच होतं. फक्त ती डाळ मेलबर्नला नेऊ नका. तिथल्या भारतीय दुकानात तपासणी करून आलेली मिळते, थोडी महाग, पण व्हिसापेक्षा स्वस्त.