किल्ला कुणी ‘करला’?

आमच्या घरी व्याकरणाचा मास्तर एकच, आणि तो मी. कॉलेजात मराठी शिकवता शिकवता चुका दुरुस्त करण्याची खोड हाडीमाशी खिळते, आणि तिचा प्रसाद घरच्यांनाही मिळतो.

गेल्या दिवाळीत फराळाला स्नेही आले होते. एवढ्यात साडेतीन वर्षांची आमची कन्या मातीने माखलेले हात घेऊन धावत आली. “बाबा, मी किल्ला करला!”

“करला नाही, केला,” मी म्हणालो.

“केला. आणि मावळा पडला. मग तो परत वर जाला—”

“जाला नाही, गेला!”

ती गप्प झाली. मावळ्याचे पुढे काय झाले ते मला कळलेच नाही. ती गोष्ट तिने स्वयंपाकघरात जाऊन आजीला सांगितली. पाहुणे गेल्यावर सौ. म्हणाली, “अहो, ती गोष्ट सांगत होती, परीक्षा देत नव्हती.” पुढे कित्येक दिवस कन्येच्या गोष्टी आजीकडेच जात राहिल्या, तेव्हा मात्र मला ते लागले.

मग विचार करू लागलो. ‘करला’ हा शब्द तिने आणला कोठून? आमच्या घरात तसे कोणीच बोलत नाही. म्हणजे तो तिने स्वतः घडवला! पड–पडला, बस–बसला, धर–धरला. मग कर–करला का नाही? दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण १८३६ साली छापले. या पोरीने ते अंगणात मातीत खेळता खेळता नव्याने रचले होते. चुकली ती एवढीच, की अपवादांचे प्रकरण अजून तिच्या वाचनात आले नव्हते!

आणखी एक गंमत आठवली. दोन वर्षांची असताना ती ‘केला’ असेच म्हणत असे. तेव्हा तो शब्द पोपटासारखा पाठ होता. पुढे नियम सापडला आणि चूक सुरू झाली. मी जिला घसरण समजत होतो, ती खरे म्हणजे वरची पायरी होती.

अमेरिकेत जीन बर्को या विदुषीने १९५८ साली हेच मोठ्या युक्तीने दाखवून दिले. तिने एका काल्पनिक पाखराचे चित्र काढले, त्याला ‘वग’ असे मनचे नाव दिले आणि लहान मुलांना विचारले, आता अशी दोन आहेत, तर काय म्हणाल? मुलांनी बिनदिक्कत ‘वग्ज’ असे अनेकवचन केले. जो शब्द जगात नव्हताच, तो त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकणार?

स्वित्झर्लंडचे झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांची कथाही अशीच. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेताना त्यांच्या ध्यानात आले, की एका वयाची मुले साधारण एकाच तऱ्हेने चुकतात. बरोबर उत्तरे मोजायचे सोडून ते चुकांमागचा विचार शोधू लागले आणि त्यातून जन्मभराचे संशोधन उभे राहिले. बुटक्या पेल्यातले पाणी मुलासमोर उंच, अरुंद पेल्यात ओतले, तर चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, पाणी वाढले! प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला तर मुलांना हे थोडे आधीही उमजते, असे पुढच्या संशोधकांनी दाखवले. पण चुकीलाही तर्क असतो, हा मूळ मुद्दा ढळला नाही. फराळाच्या ताटावर रडणाऱ्या पोराच्या करंजीचे दोन तुकडे करून ‘घे, आता दोन!’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे पियाजेवाचूनच ठाऊक होते.

तर मग मुलांना शुद्ध बोलायला शिकवूच नये की काय? तसे नव्हे. “अगं, किल्ला केलास? मग मावळ्याचं काय झालं?” एवढे म्हटले की शुद्ध शब्द कानावर पडतो आणि गोष्टही तुटत नाही. मी हे उशिरा शिकलो. हळूहळू गोष्टी पुन्हा माझ्याकडे येऊ लागल्या.

यंदा कन्या स्पष्ट ‘केला’ म्हणते. परवा तिचा धाकटा मामेभाऊ दारातून ओरडत आला, “ताई, मी येलो!” कन्येने कमरेवर हात ठेवले. “येलो नाही रे, आलो!”

मी घाईघाईने म्हणालो, “असू दे गं. आधी ऐक तर, तो काय सांगतोय ते!”

सौ. आतून हसल्याचे मला स्वच्छ ऐकू आले.