नाव तेच, माप कमी

साधारण दर दोन-अडीच वर्षांनी ग्राफिक्स कार्डांची नवी पिढी बाजारात येते आणि नावातला आकडा पुढे सरकतो. १०६०, २०६०, ३०६०, ४०६० आणि आता ५०६०. शेवटचा ‘६०’ मात्र कायम राहतो आणि ग्राहकाचा भरवसा त्यावरच असतो. एनव्हिडिया कंपनीचे ‘६०’ म्हणजे मध्यम किमतीचे, घरच्या संगणकाला झेपणारे कार्ड, हे समीकरण पक्के झाले आहे. गेम खेळणारी मुले, ॲनिमेशन किंवा वास्तुरचना शिकणारे विद्यार्थी, व्हिडिओ संपादन करणारे छोटे व्यावसायिक यांची नजर बहुधा याच पट्ट्यावर असते. या पट्ट्यात नऊ वर्षांत काय बदलले, हे मात्र नावावरून कळत नाही. त्यासाठी किंमत, चिप आणि उष्णता अशी तीन मापे लावून पाहावी लागतात.

आधी किंमत. जुलै २०१६ मध्ये ६ जीबी मेमरीचे जीटीएक्स १०६० हे कार्ड २४९ डॉलरला आले. मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आले ते २९९ डॉलरला. वाढ २० टक्क्यांची. या काळात अमेरिकेतली महागाई साधारण एक तृतीयांशाने वाढली, म्हणजे तिथल्या ग्राहकाला हे कार्ड प्रत्यक्षात थोडे स्वस्तच पडले. आपल्याकडे मात्र २०१६ मध्ये सुमारे ६७ रुपयांना मिळणारा डॉलर २०२५ च्या मे महिन्यात ८५ रुपयांवर होता. कर बाजूला ठेवला तरी सुमारे १६,७०० रुपयांचे कार्ड २५,४०० रुपयांवर गेले. ही वाढ ५० टक्क्यांहून अधिक आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वीच आकडा ३० हजारांवर पोहोचतो.

आता चिप. पडद्यावरचे लाखो ठिपके सेकंदाला अनेकदा रंगवायचे, तर एकाच वेळी हजारो लहान गणिते सोडवावी लागतात. त्यासाठी चिपमध्ये हजारो छोटे गणनाघटक असतात. इंग्रजीत त्यांना ‘कोअर’ म्हणतात. वेगवेगळ्या पिढ्यांच्या कोअरची थेट तुलना करता येत नाही, पण एकाच पिढीत वरच्या कार्डाच्या तुलनेत ‘६०’च्या वाट्याला किती कोअर आले, हे पाहता येते. १०६० मध्ये १,२८० कोअर होते आणि त्याच पिढीच्या १०८० टीआयमध्ये ३,५८४. म्हणजे वाटा ३६ टक्के. ३०६० चा वाटा ३०९० च्या ३४ टक्के होता. २०२३ च्या ४०६० मध्ये तो एकदम १९ टक्क्यांवर घसरला आणि ५०६० मध्ये १८ टक्क्यांच्या आत आला. मेमरीही ३०६० च्या १२ जीबीवरून ४०६० मध्ये ८ जीबी झाली आणि ५०६० मध्ये तेवढीच राहिली. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतली बिस्किटे कमी करतात, त्यातलाच हा प्रकार. पुड्यावर निदान वजन ठळक छापावे लागते.

वाटा घटला याचे एक कारण म्हणजे वरचे टोक अवाढव्य झाले, आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्याने १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेला नियम असा, की ट्रान्झिस्टर लहान केला की त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. २००५ च्या आसपास हा नियम थकला. व्होल्टेज फारसा उतरेना, आणि जास्त वेग म्हणजे जास्त वीज हे ओघाने आलेच. ४०९० आणि ५०९० ही कार्डे तर एकाच उत्पादनतंत्रावर बनली आहेत. ट्रान्झिस्टर लहान झालेच नाहीत, म्हणून चिप मोठी करावी लागली. विजेची गरज ४५० वॅटवरून ५७५ वॅटवर गेली, किंमत १,५९९ डॉलरवरून १,९९९ डॉलरवर. वीज २८ टक्क्यांनी वाढली, दाम २५ टक्क्यांनी वाढले आणि कामगिरीतली वाढही साधारण याच पट्टीतली आहे. पिढी बदलली, पण एका वॅटमध्ये मिळणारे काम जवळपास तेवढेच राहिले.

कार्डाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. ५७५ वॅट म्हणजे हजार वॅटच्या हीटरच्या निम्म्याहून अधिक. रोज चार तास पूर्ण ताकदीने चालवले तर महिन्याला सुमारे ६९ युनिट वीज लागते, आणि एसी असेल तर तीच उष्णता बाहेर फेकायचा खर्च वेगळा. १४५ वॅटच्या ५०६० ला याच हिशेबाने १७ युनिट पुरतात. आपल्या हवेत आणखी एक गोष्ट मोजायला हवी. कार्डाचा पंखा चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाते. मग पंखे गोंगाट करतात आणि चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. परदेशातल्या थंड खोलीत केलेली चाचणी नागपूरच्या मे महिन्यात जशीच्या तशी लागू पडत नाही.

वाटा घटण्याचे दुसरे कारण बाजारात आहे. जून २००८ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरला आणले. त्याच महिन्यात एएमडीचे रॅडिऑन एचडी ४८७० अवघ्या २९९ डॉलरला आले, आणि काही आठवड्यांतच २८० ची किंमत ४९९ डॉलरवर उतरवावी लागली. २०१० मध्ये जीटीएक्स ४८० च्या उष्णतेची जगभर टर उडाली, कारण शेजारीच १८८ वॅटचे एचडी ५८७० उभे होते. त्याच वर्षाच्या शेवटी एनव्हिडियाने सुधारित कार्ड आणले. बरोबरीचा प्रतिस्पर्धी समोर असला की दाम आणि तापमान दोन्ही उतरतात, हे तेव्हा दिसले.

आज वरच्या टोकाला ५०९० समोर कोणीच नाही. मधल्या पट्ट्यात थोडी हालचाल आहे. इंटेलचे १२ जीबीचे आर्क बी ५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आले. जून २०२५ मध्ये एएमडीने १६ जीबीचे ९०६० एक्सटी ३४९ डॉलरला आणले. एनव्हिडियाचे तेवढ्याच मेमरीचे ५०६० टीआय ४२९ डॉलरचे आहे. पण या तिन्ही कंपन्यांच्या चिप तैवानच्या एकाच टीएसएमसी कंपनीत बनतात, आणि तिच्या दारात एआयच्या डेटा सेंटरची रांग लागली आहे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाच्या १३० अब्ज डॉलरच्या महसुलात डेटा सेंटरचे ११५ अब्ज होते, गेमिंगचे जेमतेम ११ अब्ज. मेमरीचेही तेच. २०२५ च्या अखेरीस मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने घरगुती ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. जो ग्राहक महसुलाच्या दहाव्या हिश्श्याचाही नाही, त्याच्या वाट्याला चिपचा मोठा तुकडा का यावा, हा कंपनीच्या दृष्टीने साधा हिशेब आहे.

म्हणून हिशेब ग्राहकानेही करावा. जानेवारी २०२५ मध्ये ५४९ डॉलरचे ५०७० हे ४०९० इतकी कामगिरी देईल, असा दावा एनव्हिडियाने केला होता. त्या मोजणीत एआयने मधल्यामध्ये भरलेल्या फ्रेम धरल्या होत्या. अशा दाव्यांपेक्षा तीन गोष्टी विचारणे बरे: स्वतःच्या कामासाठी मेमरी किती लागते, त्याच रुपयांत दुसऱ्या कंपनीचे किंवा मागच्या पिढीचे कार्ड काय देते, आणि आपल्या खोलीत ते किती तापेल. १०६० किंवा ३०६० अजून काम भागवत असेल तर थांबण्यात काही कमीपणा नाही. नवा आकडा पाहून होणारी खरेदी जोवर सुरू राहील, तोवर ‘६०’चे माप वाढवण्याची घाई कोणालाच नसेल.