बदल करा, पण आम्हाला विचारून

आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षाविषयी एक चर्चा गेले काही महिने कानांवर येते आहे. तेथील यंत्रांवर विंडोज १० ही प्रणाली आहे आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार काढून घेतला. जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर विंडोज ११ चालत नाही. तेव्हा नवी यंत्रे विकत घ्यावीत, की आहेत त्याच यंत्रांवर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसवावी, असा प्रश्न आहे. बहुतेकांचा कल लिनक्सकडे दिसतो. पैसा वाचेल, चांगली यंत्रे भंगारात जाणार नाहीत, एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे. हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. तरीही या चर्चेत एक बाजू कोणी मांडलेली मला ऐकू आली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. मी पूर्ण अंध आहे आणि संगणक कानांनी वापरतो.

डोळस मित्रांना याची कल्पना असतेच असे नाही. माझ्यापुढे पडदा असला काय आणि नसला काय, सारखेच. यंत्रात ‘स्क्रीन रीडर’ नावाचा एक कार्यक्रम असतो. पडद्यावर जे घडते ते तो बोलून सांगतो, आणि मी माऊसला हात न लावता केवळ कळफलकावरून त्याला हुकूम सोडतो. पुढचा मथळा वाच, मागची ओळ पुन्हा म्हण, हा शब्द अक्षर-अक्षर सुटा करून सांग. अशा शेकडो कळजोड्या बोटांत मुरलेल्या असतात. प्रणाली बदलली की डोळस माणसाला चित्रे थोडी हललेली दिसतात. तो इकडेतिकडे पाहतो आणि दोन दिवसांत रुळतो. पेटी वाजवणाऱ्याची बोटे पट्ट्यांकडे न बघता फिरतात. एके रात्री कोणी त्या पट्ट्यांच्या जागाच बदलून ठेवल्या तर तो गाणे विसरलेला नसतो, सूरही त्याला ठाऊक असतो. पण मैफल मात्र तो करू शकत नाही. प्रणाली बदलली की आमचे असे होते.

विंडोजवर मी एनव्हीडीए वापरतो. लिनक्सवर ऑर्का असतो, ॲपलच्या यंत्रांवर व्हॉइसओव्हर. वेबपानावर पुढच्या मथळ्याकडे जायला एनव्हीडीए आणि ऑर्का या दोहोंतही ‘एच’ हीच कळ चालते, हे सुदैव. व्हॉइसओव्हरची रीत आणखी निराळी. तेथे कंट्रोल आणि ऑप्शन या दोन कळा धरून बहुतेक हुकूम द्यावे लागतात, आणि एखाद्या चौकटीच्या ‘आत शिरणे’ व ‘बाहेर येणे’ हाही एक स्वतंत्र व्यवहार असतो. आवाज बदलतो, बोलण्याची गती बदलते, एकच गोष्ट सांगण्याचा क्रम बदलतो. हे सारे शिकता येते. अंध माणसे ते शिकतात आणि उत्तम शिकतात. त्याला वेळ लागतो, एवढेच. तो वेळ कोणाच्या पदरातून जाणार, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न आजचा नाही. डॉसच्या काळात पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी. ती अक्षरे यंत्राच्या स्मृतीत अक्षरे म्हणूनच ठेवलेली असत, त्यामुळे ती उचलून बोलणे तुलनेने सोपे होते. टेड हेन्टर या स्वतः अंध झालेल्या अमेरिकन अभियंत्याच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला. मग विंडोज आली आणि पडदा म्हणजे ठिपक्यांचे चित्र झाले. चित्रात ‘क’ असतो तो डोळ्यांना. कार्यक्रमाच्या लेखी ते नुसते काळे-पांढरे ठिपके. स्क्रीन रीडर रचणाऱ्यांना पडद्याची एक अदृश्य नक्कल स्मृतीत उभी करून तिच्यावरून वाचण्याची युक्ती शोधावी लागली. विंडोजसाठीचा जॉज बाजारात यायला १९९५ साल उजाडले. साऱ्या जगाने ज्या बदलाला प्रगती म्हटले, त्याच बदलाने डॉसवर काम करणाऱ्या अंध माणसांना आपली नोकरी टिकेल का, या काळजीत टाकले होते.

यावर कोणी म्हणेल, मग तुम्ही बदलाचेच विरोधक आहात. मुळीच नाही. जॉज विकत घेणे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नव्हते. विकत न घेता तो एका वेळी ४० मिनिटे चालतो, नंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. निबंध रंगात आला की यंत्र पुन्हा सुरू करायचे, असा अभ्यास कितीकांनी केला असेल! ती अडचण दूर केली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने. २००६ मध्ये त्याने एनव्हीडीए लिहायला घेतला, जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि तो कार्यक्रम त्यांनी जगाला विनामूल्य दिला. मुक्त सॉफ्टवेअरचे ऋण माझ्याइतके कोणावर असेल? म्हणून लिनक्सशी माझे वैर असण्याचे कारण नाही. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती तर बसवण्याच्या क्षणापासूनच बोलू शकते. सुरुवातीच्या यादीत ‘एस’ कळ दाबली की झाले. ज्यांनी ही सोय केली त्यांनी आमची आठवण ठेवली होती.

परंतु ‘फुकट’ आणि ‘बिनखर्ची’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. ऑर्काचे बरेचसे काम सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या पगारी माणसांनी केले. २०१० मध्ये ऑरॅकलने ती कंपनी घेतल्यावर त्या कामावरची माणसे कमी झाली आणि पुढे मोजक्या लोकांच्या चिकाटीवर ते काम तगून राहिले. म्हणजे कोणीतरी, कोठेतरी, किंमत मोजतच असते. आपल्या महाविद्यालयाने वाचवलेले पैसे अंध विद्यार्थ्याच्या वाया गेलेल्या सत्रातून वसूल होणार असतील, तर त्याला काटकसर म्हणणे मला जड जाते.

येथे एक परदेशी उदाहरण मोलाचे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारने २००५ मध्ये ठरवले की १ जानेवारी २००७ पासून सरकारी दस्तऐवज ‘ओपन डॉक्युमेंट’ या खुल्या स्वरूपात ठेवायचे. हेतू उदात्तच होता. शंभर वर्षांनीही सरकारी कागद वाचता यावा, तो एका कंपनीच्या कुलपात अडकू नये, हा विचार त्यामागे होता. पण ते स्वरूप वापरणाऱ्या ओपनऑफिससारख्या साधनांशी त्या वेळच्या स्क्रीन रीडरांचे नीट जमत नव्हते. अंध कर्मचारी आणि अपंगांच्या संघटनांनी हरकत घेतली. त्यांना ‘प्रगतीचे शत्रू’ म्हणणारेही भेटले. शेवटी सरकारने तडजोड केली. कर्मचाऱ्यांनी सवयीचेच साधन वापरावे आणि त्याला जोड देऊन दस्तऐवज खुल्या स्वरूपात ठेवावा. दुसरीकडे त्या स्वरूपाच्या कर्त्यांनी उणिवा शोधून काढल्या, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये मान्य झालेल्या १.१ या आवृत्तीत त्या भरून काढल्या. हरकतीमुळे खुले स्वरूप मेले नाही. ते अधिक चांगले झाले. आमची हरकत ऐकण्यात सर्वांचाच लाभ असतो, तो असा.

आपल्या घरातही असा अनुभव आहे. स्वातंत्र्यापूर्वी भारतात निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल लिप्या होत्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि मराठीचा ‘क’, गुजरातीचा ‘क’, बंगालीचा ‘क’ एकाच टिंबांनी लिहिला जाऊ लागला. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजवर शिका, लिनक्सवरही ‘क’ त्याच कळीवर सापडतो. जेथे एकमत झाले तेथे एका प्रणालीतून दुसरीत जाताना बोटांना ठेच लागत नाही. याउलट युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट घ्या. त्यांत टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आतली अक्षरे रोमन असतात. स्क्रीन रीडर ती इमानेइतबारे वाचतो आणि मला इंग्रजी अक्षरांचा निरर्थक खडखडाट ऐकू येतो. अशा टिपणांच्या प्रती आजही मला मिळतात. कोणती प्रणाली घेतली याहून, ती सर्वमान्य संकेत पाळते की नाही, हे आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

‘एका-दोघांसाठी सगळ्यांना थांबवायचे का?’ असाही एक सवाल असतो. थांबवायचे मुळीच नाही. आधी विचारायचे आहे. दिव्यांगांच्या लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. संगणकावर परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला तो संगणक एक दिवस आधी तपासू द्यावा, म्हणजे दोष आढळला तर दुरुस्त करता येईल, असे त्यांत म्हटले होते. तीन तासांच्या पेपरसाठी हा विवेक सुचतो, तर तीन वर्षांच्या शिक्षणासाठी का सुचू नये? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्या दाव्यामागे बँकेची ओळख-पडताळणी करताना अडलेली माणसे होती. बँकेच्या दारात जो न्याय, तोच ग्रंथालयाच्या दारात.

माझे मागणे फार नाही. प्रणाली बदलण्याचा निर्णय ज्या बैठकीत होईल तिथे एका अंध विद्यार्थ्याला बसवा. एका यंत्रावर नवी प्रणाली आधी घाला आणि आम्हाला महिनाभर तिच्याशी झुंजू द्या. लॉग-इनचा पडदा बोलतो का, मराठी आवाज चालतो का, ग्रंथालयाची सूची वाचली जाते का, छापण्याची आज्ञा कळफलकावरून देता येते का, हे आम्हीच सांगू शकू. नवी प्रणाली बसली तरी एक सत्रभर निदान दोन यंत्रांवर जुनी राहू द्या, मात्र सुरक्षेसाठी ती इंटरनेटपासून तोडून ठेवा. कक्षातील सहायकाला माऊसवाचून संगणक चालवण्याचे चार धडे द्या, म्हणजे अडचणीत ‘इथे क्लिक कर’ हे उत्तर आम्हाला मिळणार नाही. आणि प्राध्यापकांना विनंती, की टिपणे युनिकोडमध्ये द्यावीत. याला पैसा लागत नाही.

या चाचणीत लिनक्स उतरली तर तिचे स्वागत करणाऱ्यांत मी पहिला असेन. नव्या कळजोड्या शिकेन आणि माझ्यामागून येणाऱ्यांना शिकवीन. नाही उतरली, तर कोठे अडते ते ऑर्काच्या कर्त्यांना कळवू, आणि आपल्या महाविद्यालयाचे नाव त्या सुधारणेत कोठेतरी लागेल. दोन्हीकडून लाभच आहे. अट एवढीच, की विचारणा निर्णयाच्या आधी व्हावी. निर्णयानंतर मिळते ती सहानुभूती. आणि सहानुभूतीवर संगणक चालत नाही.